समोरच्या गच्चीपर्यंत

८ सप्टेंबर, सोमवार

"तुझं सर्किट चालतंय, पण का चालतंय हे तुलाही माहीत नाही." आकुर्डीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी लॅबमध्ये हिंदुराव सर मला असं म्हणाले होते. त्याला सव्वीस वर्षं झाली. आज भांडी लावताना ते वाक्य एकदम आठवलं. त्यातला पहिला भाग महत्त्वाचा. दुसरा ते सगळ्यांनाच म्हणायचे.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आहे हे या घरात सगळे विसरलेत. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलांनी काढून ठेवलेल्या माउसच्या वायरी मी रोज परत जोडते, ते कोणी धरत नाही. ठीक आहे.

लिहायचं कारण वेगळंच. काल रात्री जेवताना सलोनीने सांगितलं की दसऱ्यापासून ती दीपमाला या मैत्रिणीसोबत वाकडला फ्लॅटमध्ये राहणार. मोशीहून हिंजवडी लांब पडतं, मीटिंगमध्ये नेट तुटतं, खोली रस्त्यावर आहे, आवाज येतो. स्पेस हवी असंही काहीतरी म्हणाली. नेट नसलं की माणसं असं बोलतात. मूळ प्रश्न नेटचा आहे.

आणि नेटचा प्रश्न मी सोडवू शकते.

९ सप्टेंबर, मंगळवार

उपाय सापडला. समोर गल्लीपलीकडे सुमनताईंचं घर. त्यांची वरची खोली रिकामी आहे, मोठ्या रस्त्यापासून आत, शांत. सलोनी तिथे राहील. स्वतंत्र राहिल्यासारखंही होईल आणि आमच्या स्वयंपाकघरातून तिची खिडकी दिसते. दिवा लागला की कळेल जेवली की नाही.

अडचण एकच, तिथे फायबर येत नाही. गल्लीचा रस्ता नुकताच सिमेंटचा झालाय, कोणी खोदू देत नाही. म्हणून हवेतून न्यायचं. आमच्या गच्चीवर एक अँटेना, त्यांच्या गच्चीवर एक, दोन्ही समोरासमोर. मध्ये चाळीस पावलं अंतर. ही साधी गोष्ट आहे.

सुमनताईंकडे जाऊन आले. मोशीत शेती होती तेव्हापासूनचं त्यांचं घर. त्या म्हणाल्या, "खोली दिली, तुझी पोर ती माझी पोर. पर पितरपाटात नवं काम कोण काढतं व्हय?" मी म्हटलं नवं काम नाही, आहे तेच नेट इकडे आणायचंय. त्या म्हणाल्या, "मग चालंल. आमच्या पत्र्याला भोक मात्र न्हाई पाडायचं. गळला तर सून माझं डोकं खाईल."

सलोनीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू खरंच करणारेस हे?" आवाजात कौतुक होतं. नवरा मधुसूदन म्हणाला, रविवारपर्यंत थांब, मी करतो. तो चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहे. तिथे एक बल्ब बदलायचा तरी आधी मेन बंद करून त्यावर लाल कुलूप घालतात, टॅग लावतात, रजिस्टरमध्ये सही करतात. त्याच्या पद्धतीने केलं तर दसरा नाही, होळी येईल.

१० सप्टेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर बसने पिंपरी. कॅम्पातल्या दुकानातून दोन आउटडोअर युनिट आणले. पांढरे, आपल्या साबणदाणीपेक्षा थोडे मोठे. गोड दिसतात.

दुकानदार फार बोलतो. म्हणाला, मॅडम, बाहेरची काळी केबल घ्या, सर्ज प्रोटेक्टर घ्या, अर्थिंगची वायर घ्या, आणि हा पॉवरचा अॅडॉप्टर घराच्या आतच ठेवा, पाऊस लागता कामा नये. मी सांगितलं की केबलचं मोठं बंडल माझ्याकडे आहे, शाळेने टाकून दिलेलं, एकदम चांगलं. तो म्हणाला, "ती आतली केबल आहे मॅडम, उन्हात सालपट निघेल." मी हसले. मी डिप्लोमा आहे हे त्याला कसं माहीत असणार!

त्याने सगळं एका कागदावर लिहून दिलं. पर्समध्ये ठेवलाय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली चाचणी घरातच, टेबलावर. अँटेनाला वेगळी वीज लागत नाही. एकाच केबलमधून नेट आणि वीज दोन्ही जातात. अॅडॉप्टरला दोन भोकं असतात. एक अँटेनाकडे जाणारं, त्यात वीज असते. दुसरं राउटरकडे, त्यात नसते. नावं इतकी बारीक लिहिलेली की चष्मा लावूनही दिसेनात.

राउटरचं एक भोक गेलं. नंतर पूर्ण राउटरच गेला. सलोनीची मीटिंग चालू होती. ती बाहेर आली, राउटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोबाइलचं नेट लावून आत गेली. तेवढ्यात मी पेरू कापून तिच्या खोलीत नेऊन दिले. तर ती कॅमेऱ्यासमोरच होती. "आई!!" असं ओरडली. पेरू मात्र खाल्ले.

संकल्प: पुढे प्रत्येक भोकाला रंगीत नेलपॉलिश लावून मगच जोडणे.

१४ सप्टेंबर, रविवार

नवा राउटर. मधुसूदनला ओव्हरटाइम लागला, बरं झालं.

आमच्या गच्चीवर टीव्हीच्या जुन्या डिशचा खांब आहे, त्याला अँटेना बांधला. गच्चीवरच्याच प्लगमध्ये अॅडॉप्टर. पाऊस लागू नये म्हणून तो श्रीखंडाच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट, केबलसाठी वर एक भोक. खालच्या राउटरपासून इथपर्यंत शाळेचीच केबल आणली, दुकानदाराची काळी लागली नाही.

मग सुमनताईंच्या गच्चीवर. भोक पाडायचं नाही म्हणून गोधड्या वाळत घालायच्या तारेच्या लोखंडी खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधला. वरच्या खोलीच्या खिडकीतून पांढरी एक्स्टेंशन वायर पत्र्यावरून खांबापर्यंत. तिथेही श्रीखंडाचा डबा. (आम्रखंड.)

संध्याकाळी सव्वासहाला दोन्हीकडचे हिरवे दिवे लागले! सलोनीला फोन करून समोरच्या खोलीत बोलावलं. तिने स्पीड बघितला. म्हणाली, "अरे वा. खरंच चालतंय." सुमनताईंनी गूळ-शेंगदाणे दिले.

सव्वासातला बंद पडलं. पहिल्या दिवशी असं होतंच.

१५ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर बंद.

१६ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी सहाला आपोआप सुरू! सव्वासातला बंद. मला वाटतं अँटेनाला संध्याकाळची हवा मानवते. वातावरणाचा रेडिओ लहरींवर परिणाम होतो हे आम्हाला डिप्लोमाला होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

वातावरण नाही. पाणी.

आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, संध्याकाळी सहाला. तेव्हा बिल्डिंगची मोटर चालू करतात. टाकी भरली की बंद. गच्चीवरचा प्लग बिल्डरने मोटरच्याच लाइनवर टाकलाय. म्हणजे माझं नेट नळाला पाणी असेल तेव्हाच येणार. मधुसूदन जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. सलोनीला म्हणाला, "तू मीटिंगा पाण्याच्या वेळेत लाव." ती हसली नाही. तिने विचारलं, "आई, आज सतरा तारीख आहे, दसरा दोनला, माहितीय ना?"

माहीत आहे. म्हणून तर.

नवा निर्णय: बेडरूमच्या प्लगवरून गच्चीपर्यंत वायर न्यायची. तो प्लग इन्व्हर्टरवर आहे, म्हणजे लाइट गेली तरी सलोनीचं नेट जाणार नाही. हे मला आधी का सुचलं नाही!

मधुसूदन गंभीर होऊन म्हणाला की वायर जोडताना आधी वीज तोड, टेस्टरने बघ, मग हात लाव. माझ्यासाठी कंपनीतून आणलेलं एक लाल कुलूप आणि टॅगही काढून ठेवला. त्यावर लिहिलंय, "काढू नये. माणूस काम करत आहे." मी म्हटलं उद्या गुरुवार आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार, दुपारी १

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. सकाळी दहाला गेली. मी शाळेतून हाफ डे घेतला. ज्या दिवशी अख्ख्या मोशीची वीज बंद असते त्या दिवशी बेडरूमचा एक स्विच बंद करण्याचं कारण नाही. सरकारनेच कुलूप लावलेलं असतं. मधुसूदनला ही युक्ती वीस वर्षांत सुचली नाही.

आता जोडायला घेते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

तो प्लग इन्व्हर्टरवर आहे.

पकडीच्या पात्याला मसुराएवढा खड्डा पडलाय. खोलीत जळका वास. मला काही झालं नाही, रबरी चपला होत्या, आणि मी ओरडले ते फक्त दचकून. इन्व्हर्टर घरात असताना मेन बंद केला तरी उपयोग नसतो हे कोणी सांगितलं का मला? मधुसूदनने सांगितलं होतं म्हणे. तो दोन्ही हातांत माझा हात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट करून बघत होता. मग पकड बघितली. मग चहा केला. त्याने चहा केला की मला भीती वाटते.

सलोनीने विचारलं, "आई, हे सगळं कशासाठी?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच. तिने डोळे मिटून घेतले. दमली असेल, ऑफिसात रिलीज आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मधुसूदनने बेडरूमची जोडणी स्वतः नीट करून दिली. म्हणजे आमची बाजू पक्की. पण नेट नाही. खिडकीतून बघितलं तर सुमनताईंचा अँटेना माझ्याकडे नाही, इंद्रायणीकडे तोंड करून बसलाय.

घटस्थापना सोमवारी आहे. त्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं, हे मी विसरले होते. सुमनताईंनी आज धुण्याची पहिली खेप काढली. अकरा गोधड्या, ओल्या, त्याच तारेवर. खांब वाकला, दोरी सरकली. मी जाऊन सरळ केला. त्यांनी पुन्हा गोधडी टाकली. मी पुन्हा सरळ केला. त्या म्हणाल्या, "अगं चित्रा, तुझा डबा सरळ ठिवायचा का माझ्या गोधड्या वाळवायच्या, एक काय ते सांग. देवी काय नेट बघाया येती व्हय?"

मी जरा तोडून बोलले. म्हटलं, माझ्या मुलीचा प्रश्न आहे. त्यांनी तारेवरची गोधडी काढून घेतली. मग म्हणाल्या, बाकीच्या पत्र्यावर टाकते.

उद्या आणखी नऊ आहेत म्हणे.

२० सप्टेंबर, शनिवार

थोडक्यात लिहिते.

सकाळी सुमनताई ओल्या गोधड्या पत्र्यावर पसरत होत्या. माझी पांढरी वायर पत्र्याच्या कडेवरून गेली होती. गोधडीच्या वजनाने ती कडेवर दाबली गेली आणि सालली. पत्र्यात करंट उतरला. त्यांच्या हाताला झटका बसला, कोपरापर्यंत मुंग्या आल्या, त्या मागे पडल्या. गोधड्यांच्या ढिगावर पडल्या म्हणून बरं.

दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, ठीक आहे. डॉक्टर म्हणाले नशीब. पायात प्लास्टिकच्या चपला होत्या.

सून मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी मधुसूदनला सांगितलं की अँटेनाच्या केबलमध्ये फक्त चोवीस व्होल्ट असतात, त्याने कोणाला काही होत नाही. तो म्हणाला, "डब्याच्या पुढे चोवीस. डब्याच्या मागे किती, चित्रा?"

मागे दोनशे तीस. मला माहीत होतं. म्हणजे पाठ होतं.

(पत्र्याच्या कडा इतक्या धारदार ठेवू नयेत, असं आधी लिहिलं होतं. खोडलं.)

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. नैवेद्य केला. कावळा लगेच आला. आमच्याकडे पहिल्यांदाच.

मधुसूदनने दोन्हीकडची वीज तोडली आणि आमच्या गच्चीच्या लाइनच्या स्विचवर ते लाल कुलूप घातलं. टॅगवर स्वतःचं नाव. त्यांच्या कंपनीत नियम आहे, ज्याने कुलूप घातलं तोच काढणार. दुसरा कोणी नाही, साहेबही नाही. किल्ली त्याच्या खिशात. मी म्हटलं, मी काय कामगार आहे का तुझी? तो म्हणाला, "कामगार असतीस तर शुक्रवारीच घरी पाठवलं असतं."

संकल्प: वादविवाद न करणे. सुमनताईंकडे रोज डबा नेणे.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. सुमनताईंकडे वरणभात आणि कारल्याची भाजी घेऊन गेले. त्या कॉटवर बसून वाती वळत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "हात धडधाकट हाय. बस. कारलं कशापायी आणलंस, नवरात्रात गोड आणायचं." मग जरा वेळाने विचारलं, "पोर येणार का मग वरच्या खोलीत?" मी म्हटलं येणार. त्या म्हणाल्या, "तिनं सांगितलं तसं?"

तिने अजून नाही सांगितलेलं. पण येणार.

२४ सप्टेंबर, बुधवार

मधुसूदनने नवनाथला आणलं. मूळचा औशाचा, चाकणच्या कंपन्यांमध्ये कॅमेरे आणि वायरलेस लावतो. गच्चीवर आला, श्रीखंडाचा डबा उघडला, आतून अर्धा पेला पाणी निघालं. मी म्हटलं, झाकण तर घट्ट होतं. तो म्हणाला, "ताई, पाणी झाकणातून येत नसतंय. केबलवरून घसरत येतंय आन् भोकातून आत." वरून आत घेतलेली केबल म्हणजे पन्हळच झाली. आत घ्यायच्या आधी तिला खाली झोळ द्यायचा, पाणी तिथूनच टपकून जातं. इतकं साधं.

मग माझी शाळेची केबल दोन बोटांत धरून दाखवली. दहा दिवसांत तिला भेगा. "हे कुणी बसवलंय?" मी म्हटलं, होतं एक जण. मधुसूदन आकाशाकडे बघत होता. नवनाथ म्हणाला, "त्याला पुन्हा बोलवू नगा. माणूस मारंल एखादा."

दोन्ही अॅडॉप्टर घरात, भिंतीवर, आपापल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर. बाहेर फक्त काळी केबल, पाइपातून. सर्ज प्रोटेक्टर. सुमनताईंकडे अर्थिंगच नव्हतं, अंगणात खड्डा घेऊन नवं केलं, शिवाय करंट गळला की आपोआप बंद होणारा स्विच. खांब तारेपासून वेगळा, भिंतीला बोल्टने. पत्र्याला एकही भोक नाही. मी चहा देताना सहज विचारलं की तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं सांगू का, तर तो म्हणाला, "काय करायलाव ताई, तुमी तिकडं सावलीत बसा की."

पर्समधला दुकानदाराचा कागद काढून बघितला. तंतोतंत तीच यादी. बसचं तिकीट समजून फेकणारच होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मधुसूदनने कुलूप काढलं. दोन्हीकडे हिरवे दिवे. सकाळपासून लाइट नाही, तरी नेट चालू! पाणी नाही, तरी चालू! स्पीड घरच्यापेक्षा जास्त, कसा ते विचारू नये.

सलोनी म्हणाली, "बरं आई. रविवारपर्यंत राहून बघते. झेपलं तर दीपमालाला नाही म्हणून सांगते." तिने लॅपटॉप, उशी आणि निळी बादली नेली. जाताना मला मिठी मारली. मी सहज असल्यासारखी उभी राहिले. केसांना कोणता शाम्पू लावते हल्ली, कळलं नाही.

मी हे केलं. नवनाथचे हात लागले, पण कल्पना माझी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ती खूश आहे. मीटिंग एकदाही तुटली नाही. मी दिवसभरात एकदाच गेले. तीनदा, पण आत एकदाच. सुमनताई म्हणाल्या, "आता जरा पोरीला दम खाऊ दे की."

नवनाथने माझ्या मोबाइलवर एक अॅप टाकून दिलंय, नेट कुठे अडलं तर कळावं म्हणून. त्यात समोरच्या बाजूला कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत याची यादी येते. फोन, लॅपटॉप. किती वाजता जोडले, किती वाजता सोडले. फार उपयोगी आहे. तांत्रिक दृष्टीने.

२७ सप्टेंबर, शनिवार

काल ती रात्री दहा वाजता लॅपटॉपवर, साडेअकराला बंद, फोन मात्र पावणेदोनपर्यंत. पुन्हा सकाळी सातला. म्हणजे पाच तास झोप. दुपारी एक ते तीन काहीच नाही. जेवली की झोपली?

हे बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. ती घरात होती तेव्हा मला एवढंही कळत नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार, सकाळी ११

सलोनी नाश्त्याला आली. पोहे केले होते, तिला आवडतात तसे, शेंगदाणे वेगळे तळून. छान हसत होती. म्हणाली, सुमनआजीने रात्री तिला भाकरी थापायला शिकवली. मग म्हणाली, "आई, मी विचार केला, दीपमालाला कळवून टाकते..."

मला इतका आनंद झाला की मी मध्येच बोलले. म्हटलं, फक्त जागरण कमी कर गं. परवा पावणेदोन, काल एक वाजून दहा मिनिटं. अशाने डोळे जातील.

तिने विचारलं, "तुला कसं कळलं?"

मी मोबाइल काढून दाखवला. कौतुकाने दाखवला. म्हटलं बघ, हा तुझा फोन, हा लॅपटॉप, हा ठिपका हिरवा असला की तू आहेस.

ती बराच वेळ बघत होती. मधुसूदन पोहे खायचा थांबला. मग तिने आपली ताटली उचलली, घासली, पुसली, जागेवर ठेवली. या घरात तिने शेवटची ताटली कधी घासली होती, मला आठवत नाही.

त्याच दिवशी, रात्री

दीपमालाला तिने कळवलं. दसऱ्याला येतेय म्हणून.

मी मधुसूदनला म्हटलं, नेट तर एकदम व्यवस्थित होतं. तो म्हणाला, हो. मग म्हणाला, "चित्रा, ती तुझ्यावर चिडलेली नाही. पण ती जाणारे." मी विचारलं, मग कशासाठी जातेय? तर म्हणे, तुला माहीत आहे.

मला माहीत असतं तर मी दुरुस्त केलं नसतं का?

३० सप्टेंबर, मंगळवार

संकल्प: अॅप न उघडणे.

दुपारी उघडलं. फक्त सिग्नल बघायला.

१ ऑक्टोबर, बुधवार

तिला सांगितलं की अॅप काढून टाकते, तुझ्यासमोर काढते, बघ. ती म्हणाली, "आई, अॅपचं नाहीये गं." माझ्या खांद्यावर डोकं टेकवून थोडा वेळ बसली. रडायचं मी, तर तीच रडली. मी तिच्या केसांत हात फिरवला आणि एकही प्रश्न विचारला नाही. निदान आजचा दिवस तरी मला जमलं.

अॅप काढायचं राहून गेलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गेली. सकाळी श्रीखंड-पुरी. (डबे धुऊन पुन्हा वापरात.) मधुसूदनच्या गाडीत दोन बॅगा, उशी, निळी बादली. सुमनताई आपट्याची पानं घेऊन गल्लीत उभ्या होत्या. "सोनं घे पोरी. दर आयतवारी आजीला फोन कर, नेट हाय आता आमच्याकडं." तिला म्हणाल्या, मला नाही. सलोनी त्यांना वाकून नमस्कार करून हसली.

माझ्या पाया पडताना तिने माझा हात धरला, उजवा, पकडीने भाजता भाजता वाचलेला. म्हणाली, "आता इलेक्ट्रिकचं काही करू नकोस हं." मी म्हटलं, नाही. पक्का शब्द दिला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लिंक उत्तम. सिग्नल पूर्ण. डेटाचं एकही पॅकेट हरवत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

सुमनताई समोरच्या नेटवर पहाटे साडेपाचपासून भजनं ऐकतात. नऊला बंद, दुपारी दोनला बहिणीशी व्हिडिओ कॉल, मग सात ते साडेआठ मालिका. हे मला अॅपवरून कळतं. परवा मी त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही दुपारी झोपत नाही का हल्ली? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन पदराखाली झाकला.

सलोनीचा फोन अजून यादीत आहे. पुढे करडा ठिपका. शेवटचं जोडलेलं: २ ऑक्टोबर, सकाळी ९ वाजून ४ मिनिटं. त्यापुढे "काढून टाका" असं बटण येतं. मी अजून दाबलेलं नाही. तांत्रिक कारण नाही.

ती रोज रात्री एक मेसेज पाठवते. "जेवले. झोपते." खरं की खोटं ते तपासायला माझ्याकडे काही नाही. मी "बरं" असं लिहिते. बरं लिहायच्या आधी चार-पाच वाक्यं लिहून पुसते.

मधुसूदन म्हणाला, तिथे नेट जरा कमीच येतं म्हणे, खिडकीपाशी बसावं लागतं. मी लगेच उठले, मग बसले.

आता तिला मेसेज लिहिलाय. अजून पाठवलेला नाही. पाठवला तर ती काय उत्तर देईल हे मला ठाऊक आहे: "आई, पुढच्या महिन्यात बघू ना," आणि पुढे एक हसरा चेहरा. तरी पाठवते.

"सोनू, रविवारी तासभर येऊ का? रिकाम्या हाताने येईन. नेटकडे बघणारसुद्धा नाही. खिडकीपाशी नुसती बसेन."